पुराच्या पाण्यात डिझेलचे बॅरल

बिहारमधील कोसीचा काठ असो, ब्रह्मपुत्रेचे खोरे असो किंवा कृष्णा-पंचगंगेचा परिसर. पुराची चाहूल लागताच जनावरे, धान्य आणि बियाणे प्रथम हलविले जाते. पंपासाठी साठविलेल्या डिझेलचे बॅरल मात्र गोठ्याच्या कडेलाच राहते. ते जड असल्याने जागचे हलणार नाही, हा समज चुकीचा आहे.

200 लिटरचे बॅरल पूर्ण बुडाल्यास सुमारे 215 किलो पाणी बाजूला सारते. रिकाम्या बॅरलचे वजन 20 किलोच्या आसपास असते आणि डिझेल लिटरला साधारण 0.83 किलो भरते. म्हणजे 200 लिटर डिझेलसह बॅरलचे वजन 190 किलोपर्यंतही जात नाही. भरलेले बॅरलही तरंगते. रिकाम्या बॅरलला वर उचलणारे बल तर 195 किलोच्या घरात जाते. ते काँक्रीटच्या ठोकळ्याने रोखायचे, तर पाण्यात काँक्रीटचे वजनही चाळीस टक्क्यांहून अधिक घटते. ठोकळा किमान 340 किलोचा लागेल. बॅरलवर ठेवलेल्या दोन दगडांचा उपयोग यावरून लक्षात यावा.

त्यामुळे बॅरल गावातील सर्वांत उंच पूररेषेच्या वर, पक्क्या ओट्यावर ठेवणे उत्तम. ते शक्य नसल्यास लोखंडी पट्ट्यांनी भक्कम खांबाला आवळावे. सुती दोर भिजून कुजतो, नायलॉनचा ताणला जातो. बुचे घट्ट बसवावीत. कायमस्वरूपी टाकी असल्यास तिची हवानळी पूररेषेच्या वर न्यावी, अन्यथा नळीतून पाणी आत शिरते आणि हलके डिझेल वर येऊन शेतात पसरते.

स्वयंपाकाच्या गॅसचेही तसेच. 14.2 किलो गॅसचा भरलेला सिलिंडर साधारण 30 किलोचा असतो, पण 35 लिटर पाणी सारतो, तोही तरंगतो. रेग्युलेटर काढून सुरक्षा टोपी लावावी आणि सिलिंडर उभा बांधावा. वरच्या मजल्यावर नेल्यास हवेशीर जागी ठेवावा, कारण हा वायू हवेहून जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो.

पूर ओसरल्यावर इंजिन लगेच सुरू करू नये. बॅरलमध्ये शिरलेले पाणी बुडाशी बसते व इंजेक्शन पंप आणि नॉझल खराब करते. बॅरल दिवसभर स्थिर ठेवून तळाचे पाणी काढावे, उरलेले डिझेल गाळावे. चिखलात बुडालेला रेग्युलेटर आणि रबरी नळी पुन्हा वापरू नये. वितरकाकडून बदलून घ्यावी. गॅसगळतीची शंका आल्यास 1906 या क्रमांकावर कळवावे.