‘कॉम्प्रेसर गेलाय’ म्हणजे नेमकं काय गेलंय?

एप्रिल-मे म्हणजे कार एसीवाल्यांचा सीझन. वर्षभर एसी कसा चालतोय याकडे आपलं लक्ष नसतं. मग एका कडक दुपारी व्हेंटमधून चक्क गरम हवा यायला लागते आणि आपण दिसेल त्या गॅरेजला गाडी लावतो. बॉनेट उघडतं, दोन मिनिटं डोकावून बघितलं जातं आणि निकाल लागतो, ‘कॉम्प्रेसर गेलाय.’ पुढे जो आकडा येतो, त्यानं एसीशिवायही घाम फुटतो!

तुम्ही नुकतेच नोकरीला लागला असाल आणि हौसेनं सेकंडहँड हॅचबॅक घेतली असेल, तर हा आकडा म्हणजे जवळपास महिन्याचा पगार. म्हणूनच ‘करून टाका’ म्हणायच्या आधी पाच मिनिटं काढून हे वाचा.

कॉम्प्रेसर म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा पंप. एसीतला गॅस दाबून पुढे ढकलणं एवढंच त्याचं काम. बऱ्याच गाड्यांमध्ये त्याच्या तोंडावर मॅग्नेटिक क्लच असतो. एसीचं बटण दाबलं की इंजिनाकडून ‘टक्’ असा आवाज येतो, तो याचाच. हा आवाज आलाच नाही तर कॉम्प्रेसर गेला असं लगेच मानू नका. फ्यूज उडाला असेल, रिले खराब असेल, क्लचची कॉइल जळाली असेल. किंवा गॅस कमी झाला म्हणून प्रेशर स्विचनंच कॉम्प्रेसर बंद ठेवला असेल. फ्यूज काही रुपयांत येतो. क्लचची कॉइल किंवा बेअरिंग बदलायला साधारण दोन ते चार हजार. आणि यातल्या कशासाठीही तुम्हाला पूर्ण कॉम्प्रेसरचं बिल लागू शकतं, कारण उन्हात उभा राहिलेला गिऱ्हाईक फार प्रश्न विचारत नाही.

तुम्ही मात्र विचारा. ‘गेज लावून दाखवता का?’ एवढं एकच वाक्य. कॉम्प्रेसर फिरत असताना गेजवर एका बाजूचं प्रेशर कमी आणि दुसऱ्या बाजूचं जास्त दिसायला हवं. कॉम्प्रेसर फिरतोय आणि तरी दोन्ही काटे जवळपास सारखेच, तर तो दाब देत नाहीये. आतून घरघर येत असेल किंवा तो जॅम होऊन बेल्ट किंचाळत असेल, तर मात्र वाद घालण्यात अर्थ नाही.

आता खर्चाचं बघू. समजा छोटी हॅचबॅक आहे. नवा कंपनीचा कॉम्प्रेसर पंधरा हजार, कंडेन्सर पाच हजार, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि ड्रायर मिळून दीड हजार, फ्लशिंग एक हजार, गॅस-ऑइल दोन हजार, मजुरी अडीच हजार. झाले २७ हजार! गाडीचं मॉडेल आणि गॅरेज बदललं की हे आकडे खालीवर होणार, मोठ्या गाड्यांना तर बरेच वर जाणार. पण बिलाची रचना साधारण अशीच असते. एक बरी गोष्ट म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. त्याचा फायदा मिळाला की नाही, हे पक्क्या बिलावरच कळेल.

‘कॉम्प्रेसर गेला, मग कंडेन्सर कशाला बदलायचा?’ हा प्रश्न पडणं साहजिक आहे. इथे मात्र मेकॅनिक दरवेळी फसवत नसतो. कॉम्प्रेसर आतून घासून तुटला की धातूचा बारीक चुरा पाइपांमधून सगळीकडे जातो. आजकालच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की अडकलेला चुरा धुऊन पूर्ण निघत नाही. तोच चुरा पुढे नव्या कॉम्प्रेसरमध्ये शिरतो. पाच हजार वाचवायला जावं आणि चार महिन्यांत पंधरा हजारांचा पार्ट पुन्हा बसावा, असं होऊ शकतं.

मुळात कॉम्प्रेसर मरतो कशानं? बऱ्याचदा, दर उन्हाळ्यात भरल्या जाणाऱ्या गॅसनं! गाडीतला गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, तो वापरून संपत नाही. दरवर्षी कमी होतोय म्हणजे कुठून तरी गळतोय. कॉम्प्रेसरला लागणारं ऑइल याच गॅसबरोबर फिरत असतं. गॅस गळाला की ऑइल नीट परत येत नाही आणि पंप कोरडा घासत राहतो. दीड-दोन हजारांचं रिफिल करून दोन महिने गारवा मिळतो, पण लीक तसाच राहतो. रिफिलच्या आधी लीक टेस्ट करायला सांगा. (शिवाय सध्याच्या बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांत असलेला आर-१३४ए हा गॅस हवेत सुटला की कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त तापमानवाढ करतो. म्हणजे आपण गार होण्यासाठी बाहेरचं ऊन वाढवतोय!)

बजेट नसेल तर रिबिल्ट कॉम्प्रेसर निम्म्या किमतीत मिळू शकतो. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, इथे स्पेअर पार्ट्सची दुकानं ओळीनं आहेत. माझं मत विचाराल तर भंगारातल्या गाडीतून काढलेला पार्ट घेऊ नका. तो आधी किती घासलाय हे कुणालाच माहीत नसतं. रिबिल्ट घेतलात तर वॉरंटी लिहून घ्या आणि ती नुसत्या पार्टवर आहे की मजुरीवरही, तेही विचारा. गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर हा सगळा हिशोब विसरा. तिथला कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो, त्याला कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये हात लावू देऊ नका.

थंडीत पेट्रोल वाचवायला चार-चार महिने एसी बंद ठेवणारे बरेच जण आहेत. त्यांनी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं तरी तो चालवावा. ऑइल फिरलं की सील सुकत नाहीत.

आणि हो, पार्ट बदललाच तर जुना कॉम्प्रेसर परत मागा. रिबिल्ट करणारे तो पैसे देऊन घेतात. गॅरेजवालाच ठेवून घेणार असेल, तर तेवढे पैसे बिलातून कमी करायला सांगा.