टोनीने कडी कशी उघडली?

फाटकाची कडी डोक्याने उचलून बाहेर पडणारा कुत्रा पाहिला, की "किती हुशार!" असे आपण चटकन म्हणतो. पण ही युक्ती त्याला सुचली, की नुसती सापडली? कुत्र्याला शिकवायचे कसे, हे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे प्रा. लॉइड मॉर्गन यांचा टोनी नावाचा कुत्रा अशी कडी उघडत असे. मॉर्गन यांनी ही गोष्ट प्रारंभापासून पाहिली होती. टोनी गजांमधून डोके घालून रस्त्याकडे पाही. एकदा कडीखाली घातलेले डोके त्याने वर केले, कडी उचलली गेली आणि फाटक उघडले. पण पुढच्या वेळी स्वारी पुन्हा भलत्याच गजांतून डोके घालू लागली! थेट कडीपाशी जायला त्याला जवळजवळ तीन आठवडे लागले. साध्या कारणाने उलगडा होत असेल, तर प्राण्याच्या अंगी उच्च बुद्धी कल्पू नये, हा नियम मॉर्गन यांनी 1894 मध्ये मांडला.

अमेरिकेत थॉर्नडाइक यांनी 1898 मध्ये याला मोजमापाची जोड दिली. मांजरे व कुत्रे पेटीत ठेवून त्यांना सुटायला किती वेळ लागतो, हे त्यांनी प्रत्येक वेळी नोंदवले. युक्ती एकदम 'कळली' असती, तर आलेख पायरीसारखा धाडकन खाली आला असता. तसे झाले नाही. तो चढउतार करीत हळूहळू उतरला. यालाच प्रयत्न-प्रमाद पद्धती म्हणतात. ज्या हालचालीनंतर सुख लाभते, ती टिकते. बाकीच्या गळून पडतात.

मग शिकवणाऱ्याचे काम कोणते? स्किनर यांनी 1951 मध्ये ते सोपे करून सांगितले. मोठे काम लहान पायऱ्यांत तोडा आणि प्रत्येक पायरीला तत्काळ बक्षीस द्या. एका सेकंदाचा उशीरही बक्षिसाचा परिणाम पुष्कळ कमी करतो. म्हणून दाबताच 'टिक्' वाजणारे खेळणे वापरायचे आणि त्यामागून खाऊ द्यायचा.

आता शिक्षेचा विचार करा. हाक मारल्यावर कुत्रा उशिरा आला आणि आपण त्याला मारले, तर त्याच्या लेखी मार कशाचा? उशिराचा नव्हे, जवळ येण्याचा!

कुत्र्याजवळ आणखी एक गुण आहे. बुडापेस्टच्या मिक्लोशी व सहकाऱ्यांनी 2003 मध्ये माणसांनी वाढवलेले लांडगे आणि कुत्रे यांना न सुटणारे कोडे घातले. लांडगे झटत राहिले. कुत्रे मात्र लवकरच माणसाच्या तोंडाकडे पाहू लागले. अडलेला कुत्रा आपल्याकडे पाहतो, त्या वेळी त्याला मठ्ठ ठरवायचे की पायरी लहान करायची, हे आपल्या हाती असते.

करून पाहा : घरच्या कुत्र्याला गोणपाटावर बसायला शिकवा. आधी गोणपाटाकडे नुसते पाहिल्याबद्दल, मग एक पाय ठेवल्याबद्दल, मग चारही पायांबद्दल आणि शेवटी बसल्याबद्दल भाकरीचा तुकडा द्या. रोज पाचच मिनिटे. दर वेळी लागलेले सेकंद वहीत लिहा व आलेख काढा. आलेख मध्येच वर चढला, तर कुत्र्यावर रागावू नका. तुमची पायरी मोठी झाली आहे. एक पायरी मागे या.