हँडहेल्ड गेम कन्सोलमधील सॉफ्टवेअर बदल : स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना :
हातात मावणारा गेम कन्सोल हा वस्तुतः एक संपूर्ण संगणकच असतो. मात्र त्यावर कोणता प्रोग्रॅम चालावा हे ग्राहक नव्हे, तर उत्पादक ठरवितो. हे बंधन दूर करण्यासाठी कन्सोलच्या मूळ प्रणालीत वापरकर्ते फेरफार करतात. असे फेरफार कोठपर्यंत पोहोचतात व कोठे थांबतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

तांत्रिक स्वरूप :
कन्सोल सुरू होताच चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला आरंभीचा प्रोग्रॅम कार्यान्वित होतो. तो पुढील टप्प्याची डिजिटल स्वाक्षरी तपासतो व ती योग्य असेल तरच त्यास चालू देतो. फर्मवेअर पुनर्लेखन करता येणाऱ्या मेमरीत असल्याने ते बदलता येते; आरंभीचा प्रोग्रॅम मात्र बदलता येत नाही. सर्व मर्यादांचे मूळ या भेदात आहे.

सोनी कंपनीचा प्लेस्टेशन पोर्टेबल हा कन्सोल डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये विक्रीस आला. बॅटरीतील अनुक्रमांक बदलून हा कन्सोल दुरुस्ती-अवस्थेत सुरू करण्याची व मेमरी स्टिकवरून नवी प्रणाली भरण्याची युक्ती २००७ मध्ये पुढे आली. चुकीच्या फेरफारामुळे बंद पडलेले कन्सोलही त्यामुळे पुन्हा सुरू करता येऊ लागले. २००८ मध्ये आलेल्या ३००० मालिकेत कंपनीने आरंभीचा प्रोग्रॅमच बदलला आणि ही युक्ती निष्फळ ठरली. त्या मालिकेवरील सुरुवातीचे फेरफार कन्सोल बंद करताच नाहीसे होत.

ही मर्यादा उत्पादकालाही लागू पडते. निन्टेंडो स्विचच्या चिपमधील आरंभीच्या प्रोग्रॅममध्ये असलेला दोष एप्रिल २०१८ मध्ये जाहीर झाला. विकल्या गेलेल्या कन्सोलमधील तो दोष कोणत्याही अद्ययावतीकरणाने दुरुस्त होऊ शकला नाही. केवळ नव्या उत्पादनात सुधारणा करता आली.

दुसरी मर्यादा यंत्राच्या क्षमतेची होय. प्लेस्टेशन पोर्टेबलचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झ वेगाचा असूनही कंपनीने आरंभी खेळांसाठी २२२ मेगाहर्ट्झची सीमा घातली होती. सॉफ्टवेअर ही सीमा काढू शकते. परंतु पहिल्या मालिकेतील ३२ मेगाबाइट मेमरी ६४ करू शकत नाही.

कायदेशीर मर्यादा :
भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ समाविष्ट झाले. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदणाऱ्यास त्यानुसार दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. येथे हेतू हा शब्द निर्णायक आहे. अधिनियमाने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या प्रयोजनास हे कलम आड येत नाही. मात्र दुसऱ्यासाठी असे काम सुकर करणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता व प्रयोजन यांची नोंद ठेवावी, अशी अट आहे. दुरुस्तीचे दुकान पिंगळीत असो वा मुंबईत, ही अट सारखीच लागू होते. कलम ५२ अन्वये संगणक प्रोग्रॅमची वैध प्रत बाळगणाऱ्यास ती नष्ट होण्यापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येते. फुकट मिळविलेल्या खेळांना मात्र या तरतुदीचा आधार नाही.

निष्कर्ष :
हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. हैदराबादच्या गेमशास्त्र या संस्थेने २००९ मध्ये ‘देसी अड्डा’ हा कबड्डीसारख्या भारतीय खेळांवर आधारित गेम प्लेस्टेशन पोर्टेबलसाठीही तयार केला होता. अशा निर्मिती विशिष्ट कन्सोलशी बांधलेल्या असतात. त्यांच्या चकत्या व त्या वाचणारी यंत्रणा कालांतराने झिजते आणि उत्पादकाची ऑनलाइन दुकानेही बंद होतात. निन्टेंडो ३डीएसचे दुकान मार्च २०२३ मध्ये खरेदीसाठी बंद झाले. अशा वेळी वैध प्रतीचे जतन करण्यास सॉफ्टवेअर बदल उपयोगी पडतो. त्याची तांत्रिक सीमा चिप ठरविते, तर कायदेशीर सीमा बऱ्याच अंशी वापरकर्त्याचा हेतू ठरवितो. संगणकशास्त्र शिकविताना या दोन्ही सीमा विद्यार्थ्यांसमोर एकत्रितपणे मांडणे आवश्यक आहे.