मे महिन्यात पाणी कोण घालणार?

बुधवार पेठेत जागेचा हिशेब फुटाफुटाने होतो. तिथल्या शाळेच्या मागच्या भिंतीलगत पाच-सहा फुटांची पट्टी उरलीच, तर तिथे मोडकी बाके पडतात नाही तर शिक्षकांच्या दुचाकी लागतात. तिथली फरशी उखडून फुलपाखरांना, पक्ष्यांना जागा करायची म्हणजे हौस वाटेल. पण त्याला आरोग्याचेही कारण आहे.

फिनलंडमधल्या संशोधकांनी दहा पाळणाघरांतल्या तीन ते पाच वर्षांच्या ७५ मुलांचा अभ्यास २०२० मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये मांडला. काही पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात जंगलातली माती, गवत, झुडपे आणून पसरली होती. तिथे रोज खेळणाऱ्या मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंचे वैविध्य २८ दिवसांत वाढले. प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी यंत्रणा बळावल्याच्या खुणा रक्तात दिसल्या. मुले थोडी आणि काळ महिनाभराचा, त्यामुळे दमा किंवा ॲलर्जी टळते असे त्यावरून म्हणता येत नाही. मातीत हात घालू द्यावेत, इतके मात्र नक्की म्हणता येते.

लावायचे काय? जुन्या वाड्यांच्या परसात असे तेच: कढीपत्ता आणि लिंबू. ‘कॉमन मॉरमॉन’ फुलपाखरू त्यांच्याच पानांवर अंडी घालते. अळ्या पाने कुरतडतात, तेव्हा ‘कीड लागली’ म्हणून कुणी फवारा मारला की सगळाच खेळ संपला. रुईवरही फुलपाखरे येतात, पण तिचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. लहान मुलांच्या शाळेत ती नकोच. पक्ष्यांसाठी पसरट भांडे ठेवले, तर आठवड्यातून एकदा ते रिकामे करून कडा घासायलाच हव्यात. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या जरा वर चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात.

आता माणसांचे. कंपनी कायद्यातल्या तरतुदीमुळे २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. शिक्षण आणि पर्यावरण दोन्ही त्या यादीत आहेत. एखाद्या शनिवारी कंपनीच्या टी-शर्टातली तीस माणसे आली, तर फरशी उखडणे, माती वाहणे दिवसात उरकते. त्या मदतीला नावे ठेवायचे कारण नाही. मात्र जुलैत लावलेल्या रोपाची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते, आणि नेमकी तेव्हाच शाळा बंद.

तेव्हा उघडी असतात ती तपकीर गल्लीतली विजेच्या सामानाची दुकाने आणि अप्पा बळवंत चौकातले पुस्तकवाले. शटर उघडण्याआधी दोन बादल्या ओतणारा शेजारचा दुकानदार या कामी तीस पाहुण्यांपेक्षा मोलाचा. म्हणून शाळेची किल्ली कोणाकडे, नळ कुठला आणि कोणता वार कोणाचा, हे रोपे आणण्याआधीच लिहून घ्यावे. सुट्टीत भांड्याकडे बघायला कोणीच नसेल, तर ते घासून सरळ पालथे घालावे.