गारगोटी ‘नवी’ कधी ठरते?

वैशाखऱ्याकडून नाणेघाट चढताना फुटलेल्या कातळात पांढरे, चकाकणारे स्फटिक दिसले. हे नवे खनिज असेल का, असे एका वाचकाने विचारले आहे.

बहुधा ते स्टिल्बाइट, अपोफायलाइट किंवा साधे क्वार्ट्झ असेल. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले. थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि आंबोळीसारखी जाळी पडली. पुढे क्षार विरघळलेले ऊन पाणी या पोकळ्यांत झिरपत राहिले, त्यातून स्फटिक वाढले. रेल्वेसाठी बोरघाट फोडला तेव्हा असे सुरेख अपोफायलाइट हाती आले होते.

रंग किंवा चकाकी पाहून खनिज नवे ठरत नाही. त्यात कोणती मूलद्रव्ये आहेत आणि अणूंची मांडणी कशी आहे, हे पाहावे लागते. 1831 मध्ये ब्रुक या इंग्रज स्फटिकशास्त्रज्ञाने पुण्याकडच्या सुईसारख्या स्फटिकांना ‘पूनालाइट’ म्हटले. पुढे ते आधीच ठाऊक असलेले मेसोलाइटच निघाले आणि पुण्याचे नाव खनिजांच्या यादीतून गेले!

पुण्याजवळच्या वाघोलीची गोष्ट उलटी. कॅव्हनसाइट हे कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकाचे निळेभोर खनिज. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये ते हौशी संग्राहकांना सापडले. 1973 मध्ये स्टेपल्स, एव्हान्स आणि लिंडसे यांनी त्याची शास्त्रीय ओळख करून दिली. त्याच लेखात पेंटागोनाइटही होते. रासायनिक सूत्र तेच, मांडणी निराळी, म्हणून खनिज वेगळे. पुढे दोन्ही वाघोलीच्या दगडखाणींत सापडली, आणि कॅव्हनसाइटचे जगातले सर्वात देखणे नमुने तिथलेच. सुरुंग उडाल्यावर काळ्या दगडातला निळा ठिपका आधी दिसतो तो खाणकामगारांना. शोधाचे श्रेय वाटताना त्यांची आठवण क्वचितच होते, याचे मला फार वाईट वाटते.

तेव्हा अनोळखी स्फटिक दिसला तर तो उचकटू नका, ॲसिडने धुऊ नका. फोटो काढा, गाव, खाण, दगडाचा थर आणि तारीख लिहून जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. क्ष-किरणांनी मांडणी तपासली जाईल. खरोखर नवे असेल तर आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेचा आयोग मान्यता देईल. जागेची नोंद नसलेला स्फटिक केवळ शोभेचा उरतो, आणि क्रशरमध्ये गेलेल्याची तर खडीच होते. म्हणूनच मुरबाड-शहापूरच्या खाणींतही सुरुंगानंतर भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाहणीची मुभा मिळायला हवी.