कोनाड्यातला कप

रमजानच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत मगरिबची अजान होते, आपण ताटातल्या खजुराकडे बघतो आणि मग तोंडाला पाणी सुटतं. आठवडा उलटला की खजुराकडे बघायचीही गरज उरत नाही. भोंगा नुसता खरखरला, मुअज्जिनसाहेबांनी घसा खाकरला, तरी तोंडाला पाणी येतं. वर्गात पावलोव्हचा कुत्रा शिकवायची वेळ आली की मी हेच उदाहरण देते. रोजे न धरणारी मुलंही हसतात. मधल्या सुटीची घंटा त्यांनाही ठाऊक असते.

जीभ जसं शिकते तसंच मनही शिकतं. अमेरिकेत आर्थर आणि कॅरोलिन स्टाट्स या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९५८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना पडद्यावर लोकसमूहांची नावं दाखवायची - जर्मन, इटालियन, डच, स्वीडिश वगैरे - आणि प्रत्येक नावापाठोपाठ एक शब्द ऐकवायचा. एका गटाला ‘डच’नंतर दर वेळी चांगला शब्द आणि ‘स्वीडिश’नंतर वाईट. दुसऱ्या गटाला उलट. शेवटी विचारलं, ही नावं तुम्हाला कितपत आवडतात? पहिल्या गटाला डच आवडले, दुसऱ्याला स्वीडिश. डच किंवा स्वीडिश लोकांबद्दल खरीखोटी काही म्हणजे काही माहिती त्यांना दिलेली नव्हती. पुढे या प्रयोगावर टीकाही झाली. मुलांना प्रयोगाचा हेतू कळला असेल, असं काहींचं म्हणणं. असेलही. पण आपल्याकडे हा प्रयोग एका खोलीत तासाभराने संपत नाही. तो ओट्यावर, पानटपरीवर, सिनेमाच्या पडद्यावर जन्मभर चालू राहतो.

माझं मराठी ऐकून लोक कौतुकाने म्हणतात, “मॅडम, तुम्ही मुसलमान वाटतच नाही!” म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. मुसलमान बाई कशी बोलते, हे त्याला कुणीतरी केव्हातरी शिकवलेलं असतं, माझ्याआधीच. मी पूर्वी वाद घालायचे, आता चहा मागवते. पण आज तक्रार त्यांची करायची नाही. आज आमच्या घरातलं सांगायचं आहे.

माझ्या लहानपणी आमच्या मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी टोपलीचे संडास होते. ते साफ करायला एक बाई मागच्या गल्लीने यायच्या. मागच्या दाराजवळ भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात कान तुटलेला एक कप. दादी त्यात वरून चहा ओतायची. चहा पिऊन झाला की बाई तो नळाखाली धरून पुन्हा कोनाड्यात पालथा घालायच्या.

दादी कंजूस नव्हती. रमजानमध्ये इफ्तारीची ताटं शेजारीपाजारी जायची, देशपांड्यांच्या, पवारांच्या घरी सुद्धा. जकातीचा हिशेब ती पै-पैने करायची. ईदला त्या बाईंना नवं लुगडं असायचं आणि शीरखुर्माही असायचा; पण तो त्याच कपात. दादी रमजानमध्ये रोज एक पारा वाचायची. सूरह हुजुरात येते सव्विसाव्या पाऱ्यात. कुणी कुणाची टवाळी करू नये, वाईट नावं ठेवू नयेत, उगाच संशय घेऊ नये, माणसांमधली कुळं आणि जमाती ओळख व्हावी म्हणून आहेत, असा त्या सूरहचा आशय आहे. म्हणजे सव्विसाव्या रोज्याला दादीच्या ओठांवर हे सगळं दरवर्षी असायचं. आवाजही गोड होता तिचा. संध्याकाळी कप कोनाड्यातच असायचा.

मला कुणीही कधी सांगितलं नाही की त्या कपाला हात लावू नकोस. मी लावला नाही, एवढंच. पाच-सहा वर्षांची असेन. आज आठवू गेले तर त्या बाईंचा हात आठवतो, चांदीचं कडं आठवतं, आणि नाव आठवत नाही. आठवणार कसं, कधी विचारलंच नव्हतं.

अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली ७२ मुलं घेऊन एक प्रयोग केला होता. मोठं माणूस रबरी बाहुल्याला बडवतंय, हे काही मुलांना पाहू दिलं. नंतर ती मुलंही बाहुल्याला बडवू लागली, आणि नुसती नाही, तर त्याच पद्धतीने, त्याच हातोडीने, तेच शब्द तोंडी घेऊन. ना कुणी धडा दिला, ना बक्षीस. मूल मोठ्यांचं ऐकत नाही अशी आई-बापांची तक्रार असते. ते बघतं, हे आपण विसरतो.

उर्दूत पूर्वग्रहाला ‘तअस्सुब’ म्हणतात. मला दोन्ही शब्द लागतात, कारण दोन्ही वेगळं सांगतात. मराठी शब्द काळाबद्दल बोलतो: माणूस भेटायच्या आधीच मत तयार. अरबीतून आलेल्या तअस्सुबच्या मुळात बांधणं, आवळणं आहे. आपलं-आपलं म्हणून गाठ मारून घेतली की उरलेले सगळे गाठीबाहेर. दादीच्या कपात दोन्ही होतं.

हे सगळं आम्ही शेजाऱ्यांकडून उचललं, इस्लाममध्ये जात नाही, असं आमच्याकडे पटकन म्हटलं जातं. धर्मात नाही, हे खरं. घरात होती, हेही खरं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींमध्ये १९३४ सालचा एक प्रसंग लिहून ठेवला आहे. वेरूळची लेणी पाहायला निघालेले ते आणि त्यांचे सहकारी, तीसेक माणसं, तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातल्या दौलताबाद किल्ल्यावर थांबले. महिना रमजानचा होता. प्रवासात धूळ बसलेली, म्हणून दाराबाहेरच्या हौदावर काहींनी तोंड-पाय धुतले. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध मुसलमान ओरडत आला: यांनी हौद बाटवला. बघता बघता जमाव गोळा झाला. बाबासाहेबांनी विचारलं, हेच तुमचा धर्म शिकवतो का? उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला, तर त्याला या पाण्यापासून अडवाल का? जमाव निरुत्तर झाला. शेवटी किल्ला बघू दिला तो पाण्याला कुठेही शिवायचं नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन.

तो म्हातारा रोजेदार असणार. माझ्या दादीसारखाच. मला त्याचा राग येतो, आणि मग दादीचा आवाज आठवतो. तो हौद आणि आमचा कोनाडा यांत मला फारसं अंतर दिसत नाही.

शिकलेलं पुसता येतं का? गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ च्या आपल्या पुस्तकात म्हटलं आहे की वेगवेगळ्या गटांची माणसं एकत्र आली तर पूर्वग्रह कमी होतो. मात्र दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, काम सामाईक हवं आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. नुसतं भेटून भागत नाही. दादीला त्या बाई रोज भेटतच होत्या. (पुढाऱ्यांच्या इफ्तार पार्ट्यांचंही तेच. टोपी घालून फोटो होतो, आणि खुर्च्या कुणी मांडल्या हे कुणी विचारत नाही.)

आता या रमजानचं. आमच्याकडे धुण्याभांड्याला आणि बाथरूम धुवायला एक मावशी येतात. गेल्या आठवड्यात इफ्तारीच्या वेळी त्या घरातच होत्या. मी लेकीला म्हटलं, मावशींना सरबत दे. लेक सात वर्षांची. ट्रेमध्ये काचेचे सहा ग्लास होते. ती ते ओलांडून गॅलरीत गेली आणि वॉशिंग मशीनवरचा पोचा आलेला स्टीलचा ग्लास घेऊन आली.

“ये क्यूँ?” मी विचारलं.

“वो तो उनका है ना, अम्मी.”

तो ग्लास तिथे मीच ठेवला होता. मावशींना तिथल्या तिथे पाणी पिता यावं, सोयीसाठी, असं मी स्वतःला सांगत आले होते. मी घाईने काचेचा ग्लास भरला. मावशी मागे सरकल्या. “राहू द्या मॅडम, फुटंल माझ्या हातनं. हाच बरा.” भोंगा खरखरला, माझ्या तोंडाला पाणी आलं, आणि त्यांनी स्टीलचा ग्लास पुढे केला.

दुसऱ्या दिवशी मी तो घासून आमच्या ग्लासांत मिसळून ठेवला. संध्याकाळी लेकीने पोचा बघून बरोबर ओळखला आणि गॅलरीत नेऊन ठेवला.

आता मीच तो वापरते. चार दिवस झाले, रोजा त्याच ग्लासातल्या पाण्याने सोडते. मावशींना लेक काचेच्या ग्लासात सरबत देते, आणि त्या दोन्ही हातांनी धरून पितात. लेक अजून काही विचारत नाही. खजूर खाता खाता माझ्या हाताकडे बघत असते.