ह्यूस्टन वार्तापत्र : कैद्याचं दुखणं आणि कोर्टाची पायरी

ह्यूस्टनच्या उत्तरेला तास-सव्वा तासावर हंट्सव्हिल आहे. बेळगावात हिंडलगा तुरुंग म्हटलं की आधी फाशीघर आठवतं, तसं टेक्सासमध्ये हंट्सव्हिल. याच राज्यातल्या एका कैद्यामुळे तुरुंगातल्या औषधोपचाराचा अमेरिकेतला कायदा घडला.

९ नोव्हेंबर १९७३. ट्रकमधला माल उतरवताना जे. डब्ल्यू. गॅम्बल नावाच्या कैद्याच्या अंगावर कापसाची गाठ पडली. निपाणीच्या वखारीत तंबाखूचे बोद उचलणाऱ्यांना त्याच्या पाठीचं काय झालं असेल ते सांगायला नको. पुढच्या तीन महिन्यांत तुरुंगाच्या दवाखान्याने त्याला १७ वेळा तपासलं, गोळ्या दिल्या, पण पाठीचा एक्स-रे काढला नाही. काम जमत नाही म्हणाला, तर एकांत कोठडीत टाकलं. वकील नव्हता. त्याने हातानेच अर्ज लिहून दावा लावला.

१९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कोंडलेला माणूस स्वतःहून डॉक्टरकडे जाऊ शकत नाही, म्हणून त्याच्या गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून काणाडोळा करणं ही राज्यघटनेने मना केलेली क्रूर शिक्षाच. तत्त्व जिंकलं, गॅम्बल मात्र हरला. एक्स-रे न काढणं ही फार तर डॉक्टरची हयगय, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

म्हणजे कैद्याला डॉक्टरची चूक दाखवून भागत नाही. धोका ठाऊक असूनही दुर्लक्ष केलं, हे सिद्ध करावं लागतं. त्यात १९९६ च्या कायद्याने आणखी पायऱ्या घातल्या : आधी तुरुंगातल्या तक्रारीचे सगळे टप्पे पार करा, मगच कोर्ट. कोर्टाची फी गरिबालाही माफ नाही, खात्यातून हप्त्याहप्त्याने कापून घेतात. टेक्सासच्या बहुतेक कैद्यांना कामाची मजुरी मिळत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. उलट बाहेरच्या मोकळ्या नागरिकाला उपचाराचा असा घटनात्मक हक्कच नाही, आणि विमा नसलेल्यांचं प्रमाण देशात सर्वांत जास्त टेक्सासमध्येच.

आपल्याकडे आजारी कैद्याचा वकील बहुधा जामीन मागतो. तळोजा तुरुंगातल्या कवी वरवरा राव यांना मुंबई उच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२१ रोजी प्रकृतीच्या कारणावरून सहा महिन्यांचा जामीन दिला. त्याच तुरुंगातले फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात वारले, तेव्हा त्यांचा जामीन अर्ज उच्च न्यायालयात पडूनच होता. जामिनाने एक माणूस बाहेर येतो. बराकीतल्या बाकीच्यांना दवाखाना तोच राहतो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कैद्यांनी मात्र उपचारांसाठी मिळून लढा दिला. तिथल्या तुरुंगांत क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट माणसं होती, उपचार पुरत नव्हते आणि दर सहा-सात दिवसांनी एक कैदी टाळता येण्याजोग्या कारणाने मरत होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कैद्यांची संख्या कमी करण्याचा आदेश कायम केला.

असा सामुदायिक रस्ता आपल्याकडेही आहे. १५ सप्टेंबर २०१७ रोजी १,३८२ तुरुंगांतल्या अमानुष परिस्थितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना कैद्यांच्या वैद्यकीय सोयी तपासून सुधारायला सांगितलं. सोयी किमान दर्जाच्याही नसल्याचं सांगताना निकालात तीन नावं घेतली आहेत : पश्चिम बंगाल, दिल्ली आणि कर्नाटक. त्या आदेशानंतर हिंडलग्याच्या दवाखान्यात काय बदललं, हे बंगळुरूला विचारायचा हक्क बेळगावकरांना आहे.